खिशातला रोटर

इंजिन उगाच फिरतं ठेवणाऱ्या माणसाचा पितांबर तायडेला भारी राग. धुळ्यात पारोळा रोडवर त्याचं गॅरेज, आणि गावातले निम्मे अ‍ॅम्बॅसडर टॅक्सीवाले त्याचं गिऱ्हाईक. कुणी गाडी चालू ठेवून गप्पा छाटायला लागला की हा पाना हातात घेऊनच बाहेर यायचा आणि पेट्रोल काय सासऱ्यानं आंदण दिलंय का, असं सगळ्यांदेखत विचारायचा. माणूस तोंडाचा फाटका, पण हात सोन्याचा. म्हणून लोक ऐकून घ्यायचे.

अशा माणसाच्या दारात सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर लादून एक लाल गाडी आली. तिला गाडी म्हणायला जीभ रेटत नव्हती. दोनच माणसांची, उघड्या टपाची विलायती एमजी. कधीकाळी दलिचंदशेठ ओस्तवाल ती घेऊन आग्रा रोडला निघाले की माणसं हातातला चहा विसरायची. शेजारी बायको प्रेमकुंवर, तिच्या मांडीवर चंदनबाला. प्रेमकुंवर आजारपणात गेली त्या वर्षी शेठनी गाडी जिनिंगच्या शेडमध्ये उभी केली, ती चौदा वर्षं तिथंच. कापडी टपाच्या चिंध्या झालेल्या, वायरी उंदरांनी फस्त केलेल्या, आणि तळाचा पत्रा असा गंजलेला की सीटवर बसून खालची जमीन दिसावी.

पितांबरनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि भंगारवाल्याचा पत्ता सांगितला. तेव्हा ट्रॉलीमागून बावीस वर्षांची चंदन पुढं आली. ती म्हणाली, नाना, ही चालायलाच हवी.

का चालायला हवी, ते सगळ्या धुळ्याला ठाऊक होतं. चंदनला दीक्षा घ्यायची होती. जैन साध्वी व्हायचं, म्हणजे घर सुटलं ते सुटलंच. पायात चपला नाहीत, कसल्याही वाहनात पाय ठेवायचा नाही, गावोगाव चालत राहायचं, आणि बापाला बाप म्हणायचं नाही. पण घरच्यांनी आज्ञापत्र लिहून दिल्याशिवाय दीक्षा मिळत नाही. शेठ तीन वर्षं टाळत होते. घरात बाप आणि लेक, दोघंच. शेवटी जळगावला, चंदन ज्यांच्याकडे दीक्षा घेणार त्या वडील साध्वींसमोर, महासतीजींसमोर, जैन संघाच्या मंडळींनी विषय काढला. दीक्षेआधीच्या मिरवणुकीला उघडं वाहन लागतं, त्याचीही चर्चा निघाली, तेव्हा शेठ चिडून बोलून गेले की माझी मुलगी दुसऱ्याच्या गाडीतून निघणार नाही, आमची घरची गाडी आहे, ती ज्या दिवशी चालू होईल त्या दिवशी लिहून देईन. मंडळी गालात हसली. ते भंगार कुठलं चालू होतंय! चंदन मात्र ठीक आहे म्हणाली आणि चौथ्या दिवशी गॅरेजवर हजर झाली.

पितांबरनं काम घेतलं ते शेठसाठी नाही, पुण्य लागावं म्हणून तर मुळीच नाही. तसलं इंजिन उघडायला मिळतंय म्हणून घेतलं. आणि उघडल्यावर त्याला हसूच आलं. आत होतं काय, तर आपल्या अ‍ॅम्बॅसडरचंच सख्खं भावंड! एवढा विलायती थाट, आणि निम्मे पार्ट टॅक्सीतले बसतील असे.

चंदन रोज दुपारी यायची आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून ऊन उतरायला लागलं की निघायची. पोरीनं आधी पितांबरचा जीव नकोसा केला. सीटच्या काथ्यात उंदरीण व्यायली होती. पितांबर घरटं झाडायला गेला तर ही आडवी आली. पिल्लांचे डोळे उघडून ती आपल्या पायानं जाईपर्यंत सीटला हात लावायचा नाही म्हणे. बारा दिवस काम बंद! उंदरांच्या बाळंतपणापायी गॅरेज बंद ठेवणारा मी पहिलाच मेकॅनिक, असं पितांबर गावभर सांगत फिरला. पण हात मात्र लावला नाही.

मग हळूहळू ती कामाला लागली. पत्रा घासला, वायरीला रंगीत चिंध्या बांधून खुणा केल्या, कार्बोरेटर रॉकेलमध्ये धुतले. एके दिवशी पितांबरनं डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं आणि आतला रोटर तिच्या हातावर ठेवला. सुपारीएवढा तपकिरी तुकडा, वर पितळेची पट्टी. हा फिरला तरच ठिणगी प्लगपर्यंत पोचते, नाहीतर नुसतं लोखंड, असं त्यानं सांगितलं. चंदन हसली. तिला तो चांगला ओळखीचा होता. लहानपणी बाजारात गाडी उभी केली की बाबूजी हा काढून घ्यायचे, म्हणजे कुणी पळवायला नको, आणि तिच्या मुठीत देऊन म्हणायचे, सांभाळ हं, हा हरवला तर आपण घरी जाणार नाही. ती तासन् तास मूठ उघडायची नाही.

दलिचंदशेठही अधूनमधून यायचे. पांढरं धोतर, वर बंडी. आधी लांबूनच बघायचे. गाडीला आकार यायला लागला तसे जवळ बसायला लागले, आणि चेहरा उतरायला लागला. लाल रंग चढला त्या दिवशी तर चहासुद्धा अर्धा टाकून गेले. पितांबरला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण जो जो नट आवळतोय तो या माणसाच्या जिवाला लागतोय. त्यानं घरी मंदाबाईला सांगितलं. त्यांची लेक लता नरडाण्याला दिलेली, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरी माहेरी यायच्या म्हणून मंदाबाई आत्तापासूनच डबे भरायला लागलेली. ती म्हणाली, "पोर सासरले जास ते आखाजीले येस. हाई कव्हय येई?" ही पोर परत कधी येणार, हा प्रश्न घेऊन पितांबर ताटावरून उठला.

आखाजीच्या नऊ दिवस आधी गाडी पुरी झाली. दुपारी शेठ येऊन बसले होते. पितांबर दहा मिनिटं समोर वेल्डिंगला गेला, परत आला तर शेठ निघून गेलेले. दुसऱ्या दिवशी चंदनसमोर त्यानं सेल्फची खुंटी ओढली. इंजिन नुसतंच घुरघुरलं, पेटलं नाही. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. त्यानं डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडलं. रोटर नव्हता.

काल त्यानं स्वतःच्या हातानं बसवलेला. पितांबरनं झाकण पटकन लावलं. कोणी नेला हे कळायला त्याला पळभरही लागलं नाही. आणि सगळ्यात वाईट वाटलं ते याचं, की शेठना बिचाऱ्यांना वाटलं असणार, विलायती गाडीचा पार्ट विलायतीच लागेल, इथं कुठं मिळतोय. इकडे पितांबरच्या खोक्यात अ‍ॅम्बॅसडरचे सहा रोटर पडलेले, त्यातला कुठलाही खट्कन बसला असता. पण तो चंदनला म्हणाला, एक पार्ट गेलाय, मुंबईहून मागवावा लागेल, आठ-पंधरा दिवस लागतील.

चंदनला वाईट वाटलंसं दिसलं नाही. ती रोज येत राहिली. आधीच चकाकणारी गाडी फडक्यानं पुसायची आणि वेळ झाली की जायची. शेठही यायचे. मुंबईचा पार्ट आला का, असं विचारायचे आणि नाही म्हटलं की चहा पुरा प्यायचे. तिघं एकमेकांकडे न बघता एका गाडीभोवती बसायचे. पितांबरचं टॅक्सीवाल्यांवर ओरडणंसुद्धा बंद झालं.

आठव्या दिवशी चंदननं खोक्यातून एक रोटर उचलला आणि त्याच्यापुढं धरला.

"नाना, हा बसतो ना?"

पितांबरनं होकाराची मान हलवली.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ती म्हणाली. "खरा कुठं आहे तेही. पण आम्हाला न दिलेलं घेता येत नाही, काडीसुद्धा. बाबूजींची आज्ञा अशी कशी घेऊ? ते देतील तेव्हा देतील. तुम्ही त्यांना काही बोलू नका." आणि रोटर होता तिथं ठेवून ती घरी गेली.

पितांबर कितीतरी वेळ स्टुलावर बसून राहिला. न दिलेलं घेणार नाही, खोटं बोलणार नाही, हे तर तोही रोज सकाळी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढं हात जोडून म्हणत होता. म्हणत होता आणि आठ दिवस तोंड वर करून खोटं बोलत होता. सिद्धार्थानं घर सोडल्याची गोष्ट त्यानं आपल्या बौद्ध वस्तीत शंभरदा सांगितली असेल. तो रात्री चोरून पळाला नाही, आईबापाला सांगून, त्यांची परवानगी घेऊन गेला, हे तर तो छाती पुढं काढून सांगायचा. पण परवानगी देणाऱ्या त्या बापाचं त्या दिवशी काय झालं असेल, हे त्याच्या मनात कधी म्हणून आलं नव्हतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आखाजी. सकाळीच लता नरडाण्याहून आली, घरी जायच्या आधी पिशवी घेऊन गॅरेजवर बापाला भेटायला थांबली. तिची बडबड चालू असतानाच शेठ आले. लता गेली तरी ते तिच्या वाटेकडे बघत उभे होते. मग बसले, आणि मुंबईच्या पार्टचं विचारलं.

चंदननं बोलू नका म्हटलं होतं. पण पितांबरला आता गप्प बसणं जमेना. त्यानं खोकं उचललं आणि शेठच्या मांडीवर ठेवलं.

"शेठ, माले खोटं बोलता येस नही. आठ दिवस बोललो, त्याची माफी करा. मुंबईहून काही यायचं नाही. हे सहाच्या सहा टॅक्सीचे आहेत, कुठलाही बसतो. अन् चंदनताईला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

शेठनी एक रोटर उचलला, उलटा केला, बराच वेळ बघितला. "मग तिनं बसवला का नाही?"

"न दिलेलं घेत नाही म्हणाली. तुम्ही खिशात ठेवाल तोवर ती थांबेल, शेठ. जन्मभर थांबेल. सकाळी तुम्हाला चहा देईल, दुपारी इथं येऊन गाडी पुसेल. तुमच्याजवळ राहील, पण तुमची राहिलेली नसेल."

एवढं बोलून पितांबरला वाटलं, आपण कोण सांगणारे? ज्याची लेक सकाळीच पिशवी घेऊन आली, त्यानं हे बोलावं? त्याचे डोळे भरून आले आणि तो उगाच पाने आवरायला लागला.

दुपारी चंदन आली. शेठ अजून तिथंच होते. ते उठले, बंडीच्या आतल्या खिशातून रुमाल काढला आणि त्याची गाठ सोडली. रोटर त्यांनी तिच्या हातावर ठेवला आणि आपल्या हातानं तिची मूठ मिटली.

"बसव," ते म्हणाले.

चंदननं रोटर बसवला. झाकणाच्या दोन्ही क्लिपा लावल्या. शेठ स्वतः गाडीत बसले, किल्ली फिरवली, सेल्फची खुंटी ओढली. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा इंजिन खोकलं, आणि चौदा वर्षांनी पेटलं. टॅक्सीवाले धावत आले आणि शेठचा चेहरा बघून आल्या पावली मागं सरले.

शेठनी कागद मागितला. गॅरेजात कागद कुठला, पितांबरनं बिलबुकातलं एक कोरं पान फाडून दिलं. बॉनेटवर टेकवून ते उभ्यानंच लिहायला लागले. इंजिनाच्या थरथरीनं अक्षर हलत होतं. लिहिता लिहिता दोनदा थांबले, मग सही केली आणि पान लेकीला दिलं. चंदन वाकून त्यांच्या पाया पडली आणि लहान पोरीसारखी रडली. शेठनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ उचलला नाही.

काम झालं होतं. पितांबरनं सवयीनं गाडीत हात घालून किल्ली धरली. तोच शेठनी त्याचं मनगट पकडलं.

"राहू द्या भाऊ," ते म्हणाले. "चालू राहू द्या थोडा वेळ."

पितांबरनं हात मागं घेतला आणि पेट्रोलचा कॅन शोधायला गेला.