टोपलीची पहिली गाठ

टोपल्या विणणाऱ्या ओडेसाची एक टोपली संग्रहालयाच्या काचेआड जाऊन बसली, त्याला वर्ष होत आले होते. तिची थोरली चुलत बहीण लुव्हेनिया गॅडस्डेन मात्र त्या इमारतीची पायरी चढली नव्हती. अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरातून बसगाड्या येत, जुन्या मळ्यातले मालकांचे पांढरे घर आणि गुलामांच्या विटांच्या खोल्या पाहून माणसे मळ्याच्या फाटकाबाहेर पडत. तिथे दोघी बहिणी शेजारीशेजारी टोपल्या मांडून बसत. पण गर्दी जमे ती ओडेसापाशी.

"काचेतली टोपली तुमचीच ना?"

"तिचीच," उत्तर लुव्हेनिया देई. "पण बूड पाहिलंत का? ढिलं आहे. आमच्या आजीने उसवून हातात दिलं असतं."

ओडेसा गवत वळता वळता नुसती हसे. त्या हसण्याने लुव्हेनियाच्या अंगाचा तिळपापड होई.

अखेर हे बोलणे संग्रहालयाच्या बाईंच्या कानी गेले. त्यांनी दोघींना बोलावून घेतले, टोपली काचेबाहेर काढली आणि लुव्हेनियापुढे पालथी ठेवली. "तुम्ही जाणत्या. दोष दाखवा, मी टिपून घेते."

लुव्हेनियाने ऐटीत चष्मा लावला. बुडाच्या मधोमध पाइनच्या सुईसारख्या वाळल्या पानांचा तपकिरी ठिपका होता आणि गाठीचे शेपूट डावीकडे खोचलेले होते. साऱ्या वस्तीत डावीकडे खोचणारा हात एकच होता. तिचा स्वतःचा. ओडेसाचा अंगठा कापला होता त्या उन्हाळ्यात तिनेच, करवादत का होईना, सहा टोपल्यांच्या बुडाची पहिली गाठ घालून आरंभ करून दिला होता.

"सांग ना, ताई," ओडेसा म्हणाली. "प्रत्येक बसला सांगत होतीस."

"तुला ठाऊक होतं?"

"अंगठा कापला होता माझा, डोळे शाबूत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू आपल्याच हाताला नावं ठेवत होतीस. मी कशाला मध्ये पडू?"

बाईंची पेन्सिल कागदावर थांबली होती. लुव्हेनियाने अंगठ्याने बूड दाबून पाहिले. ते तसूभरही हलले नाही.

"लिहा," ती ताठ मानेने म्हणाली. "पहिली गाठ लुव्हेनिया गॅडस्डेन हिची. पक्की आहे. पाटीवर ओडेसाच्या नावाच्या वर घाला, आरंभ आधी असतो."

मग तिने टोपली सुलटी केली, कडेवरून बोट फिरवले आणि नाक मुरडले.

"वरचं विणकाम मात्र जरा ढिलंच आहे."