रुपीच्या पोटावरची चौकट

१९६४च्या दिवाळीनंतर नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या रुपीचं पोट उघडलं, आत पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. जठरामागे स्वादुपिंड म्हणून काहीतरी असतं, त्यात कॅन्सर आहे आणि तो कापण्यापलीकडे पसरलाय, असं मला सांगितलं. पंचवीस वर्षं संसार केला, पण तिच्या पोटात असलं काही आहे हे मला कुठं ठाऊक! माझ्याही पोटात असतं म्हणे.

“नुसतं दुखण्याचं औषध देऊन घरी न्या, नाहीतर यंत्राचा शेक देऊ,” डॉक्टर म्हणाले. “शेकानं बरी होणार नाही. पण दुखणं उतरेल, चार महिने जास्त मिळतील. दोन आठवडे शेक, तीन आठवडे घरी, मग पुन्हा दोन आठवडे.”

‘बरी होणार नाही’ तेवढं सोडून मी बाकी सगळं ऐकलं.

शेक नेमका जागेवर पडावा म्हणून त्यांनी जांभळ्या शाईनं तिच्या पोटावर चौकट काढली. “ही पुसू देऊ नका, रामधन,” एवढं मला बजावलं.

दोन आठवड्यांनी आम्ही दिग्रसजवळच्या आमच्या तांड्यात परतलो. दुखणं खरंच उतरलं होतं. रुपी अर्धी भाकर खाऊ लागली, माझ्यावर खेकसू लागली. त्या खेकसण्यानं मला इतका आनंद झाला की मी मुद्दाम बैलांची वैरण तिच्या अंगणात सांडायचो. पण घागऱ्याची नाडी घासून रेघा फिकट होत चालल्या.

“पुसून चालल्या,” ती म्हणाली. “आता त्यायले जागा कशी सापडन?”

ती आंघोळ करेना, कूस बदलेना. तेव्हा मी अक्कल चालवली. तांड्यातल्या बायांचे हात गोंदणानं भरलेले असतात. ते कधी पुसलेलं मी पाहिलं नव्हतं. गोंदणाऱ्या रामीबाईला बोलावलं.

“पोटावर कोनी गोंदते का, भाऊ?” रामीबाई म्हणाली.

“रेघ दिसते तवर काढ.”

लहानपणी दोन्ही हात गोंदून घेताना हूं की चूं न केलेल्या रुपीनं माझं मनगट घट्ट आवळून धरलं. मला वाटलं, आता ही कुठं जात नाही.

ठरल्या दिवशी नागपूरला गेलो. तोवर तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. पोटात पाणी भरून चौकट वाकडी झाली होती. डॉक्टरांनी तिचं पोट चाचपून पाहिलं.

“आता शेक झेपायचा नाही. घरी न्या.”

मी भांडलोच. “काहून नाही साहेब? रेघ तर आमी पक्की करून आनली.”

“रेघ पुसली असती तर मी पुन्हा काढली असती, बाबा,” ते हळूच म्हणाले.

घरी आल्यावर दोन दिवस मी तिच्याकडे बघू शकलो नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच मला खाटेजवळ बोलावलं.

“कायले तोंड लपवून राह्यले? त्यायनं नाही देल्ला, तं तुमी द्या शेक.”

मग रोज दुपारी मी त्या चौकटीत तळहात ठेवून बसायचो. हात तिच्यात बरोबर मावायचा.

“गरम हाय,” ती म्हणायची आणि डोळे मिटायची.

होळीच्या आधी ती गेली. बायांनी अंगावरची चांदी उतरवून माझ्यापुढं ठेवली. गोंदण तेवढं माणसासोबत जातं, असं आमच्यात म्हणतात, ते गेलं. मला चांदी नको होती. मला ती हवी होती, खेकसणारी. आजही हवी आहे. दुपार झाली की हात अजून ती जागा शोधतो.

पुढच्या वर्षी रामीबाई तांड्यात आली तेव्हा मी तिच्यापुढं उजवा तळहात धरला.

“तशीच चौकट काढ.”

“तळहातावर टिकत नाही, भाऊ.”

“मले ठाऊक हाय. काढ.”

दिवाळीपर्यंत ती पुसली. यंदा रामीबाई आली की पुन्हा काढून घेणार आहे.