उपासाचं ताट

कुसुमबाईंची मागणी एकच होती. लग्न रजिस्टर करा, विहारात वंदना घेऊन करा, नाहीतर मुलाकडं बोरीत मांडव घाला, त्यांची कशालाच ना नव्हती.

"पण माझ्या लेकीला त्या घरात सगळ्यांसोबत ताट पाहिजे," त्यांनी होणाऱ्या जावयाला, रामला, बजावलं होतं. "सगळ्यांचं झाल्यावर न्हाई. बाजूला न्हाई. सोबत."

"काकू, कुठल्या जमान्यातलं बोलायलात तुमी," राम हसला होता.

"मग तुझा जमाना दाखव की मला. आईला घेऊन ये. एकदा संगं बसून जेवू, मग मी गप."

आता जेवायचं कुठं? रामची आई कस्तुराबाई पिंगळीला कुसुमबाईंच्या घरी यायच्या नाहीत, आणि कुसुमबाई नवऱ्याला आणि लेकीला घेऊन बोरीला गेल्या तर अख्खं गाव ओट्यावर येऊन बसणार. रामनं परभणीत विद्यापीठापाशी एक हॉटेल शोधून काढलं. तिथं बोरीचं काळं कुत्रंसुद्धा फिरकणार नाही, याची त्याला खात्री होती. हॉटेल इथिओपियाचं. चारठाण्याचा सिद्धोधन तिकडं कॉलेजात शिकवायला गेला होता, तो हिरुत नावाची बायको घेऊन परत आला आणि दोघांनी मिळून हे टाकलं. विद्यापीठातली पोरं तिथं वाढदिवस करायची.

"तिकडचं जेवण आपल्यापैकी कुणालाच माहीत न्हाई," संघप्रिया आईला म्हणाली. "म्हंजे कुणी कुणाला नावं ठेवायला नको."

लेक हुशारच. बियाणं तपासायच्या लॅबमध्ये ती आणि राम शेजारी शेजारी बसत, सोयाबीनचा दाणा बघून तो उगवेल का मरेल हे सांगत. पण एक गोष्ट दोघांनाही ठाऊक नव्हती. त्या देशात ताट एकच असतं.

रविवारी दुपारी कुसुमबाई, त्यांचे यजमान सूर्यभान आणि संघप्रिया आधी येऊन बसले. थोड्या वेळानं राम स्टँडवरून आईला घेऊन आला. त्याचे वडील सटवाजी आले नव्हते. तुरीला पाणी द्यायचं होतं म्हणे. अशा दिवशी तुरीला नेमकी तहान लागते.

एरवी पिंगळीच्या घराचं दार लोटायच्या आधीच "जयभीम काका" म्हणणारा राम आज नुसतंच "या, बसा" म्हणाला. जे आधीच बसलेले होते त्यांना. सूर्यभाननी बायकोकडं बघितलं. कुसुमबाईंनी पाण्याचा ग्लास सरळ केला.

कस्तुराबाईंबद्दल त्यांनी मनात एक दांडगी, डोळे वटारणारी बाई रंगवून ठेवली होती. प्रत्यक्षात निघाली डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करणारी, वाळक्या अंगाची बाई. ओठ सुकलेले. सकाळच्या गाडीनं निघाली असणार, वाटेत चहासुद्धा घेतला नसावा.

"गाडीला गर्दी होती का?" कुसुमबाईंनी विचारलं.

"उभ्यानं आले ओ बाई. पायाचे तुकडे पडले."

"मग आधी जेवा पोटभर. बोलनं काय, होतच राहतंय."

कस्तुराबाई जराशा हसल्या. समोरचा दात किडलेला होता. कुसुमबाईंना उगीचच बरं वाटलं. किडलेल्या दाताची बाई फार वाईट कशी असेल, असं त्यांचं स्वतःचं एक शास्त्र होतं.

तेवढ्यात हिरुत ताट घेऊन आली. ताट कसलं, परातच. तिच्यात काठापासून काठापर्यंत एक मोठं जाळीदार धिरडं अंथरलेलं, आणि त्याच्यावर ढीग मांडलेले: लालभडक रश्श्यातली कोंबडी, अंडी, पिवळी डाळ, कोबी. आंबवलेल्या ज्वारीचा वास कुसुमबाईंनी लांबूनच ओळखला. तिकडचं धान्य इकडं मिळत नाही म्हणून हिरुतनं परभणीच्या ज्वारीवर भागवलं होतं.

"हे कुणाचं?" सूर्यभाननी विचारलं.

"सगळ्यांचं," हिरुत म्हणाली. मराठी ती भाजीबाजारात शिकली होती. "एक ताट. सगळे हात. धिरडं तोडा, कालवण उचला, खा."

आपण मागितलं ते असं उचलून कुणी टेबलावर आणून ठेवील, हे कुसुमबाईंना वाटलं नव्हतं. त्यांनी समोर बघितलं. कस्तुराबाईंचा टेबलावरचा हात हळूच पदराखाली गेला.

"माझा उपास हाय," त्या म्हणाल्या.

"आज?" संघप्रिया.

"ऐतवार धरते मी. खंडोबाचा."

धरतही असतील, कुसुमबाईंना ऐतवाराचं काय कळणार होतं? पण हिरुतचा चेहरा खुलला.

"उपास? हाय ना! आमी पण धरतो. उपासाचं ताट येगळं हाय, थांबा!"

ती धावतच आत गेली. कुसुमबाईंना आशा वाटली. भगर असेल, साबुदाणा असेल, बाई दोन घास तरी खाईल. हिरुतनं कोंबडीची परात उचलून नेली आणि दुसरी आणून ठेवली. तेवढीच मोठी. तीही एकच. तिच्यात मसूर, वाटाणे, कोबी, बीट, पालक.

"उपासाला डाळ?" कस्तुराबाई दचकल्या.

"डाळच. मटन न्हाई, दूध न्हाई, अंडं न्हाई. मंग उपास."

"डाळीनं उपास मोडतोय बाई."

"डाळ न्हाई?" हिरुत खरोखर बुचकळ्यात पडली. "मंग उपासाला खायचं काय?"

सूर्यभान फस्सकन हसले. संघप्रिया हसली, राम हसला, कस्तुराबाईंनीही तोंडाला पदर लावला. क्षणभर सगळे एका घरातलेच वाटले. तेवढ्यात हिरुत म्हणाली, "केळ?"

"हां, केळ चालतंय," कस्तुराबाई पटकन म्हणाल्या.

सूर्यभानचं हसू तिथंच थांबलं. त्यांच्या गल्लीत जयंतीला गावातले मोठे लोक यायचे, गळ्यात हार घालून घ्यायचे, भाषण ठोकायचे. खीर पुढं केली की म्हणायचे, साखरेचा त्रास हाय. आणि केळ घ्यायचे. केळ सालीत असतं. त्याला आतून कुणाचा हात लागलेला नसतो.

कुसुमबाईंना हे कळलं, आणि कळूनही त्यांनी बाजूला सारलं. म्हातारं खोड, त्या मनाशी म्हणाल्या. संसार काय हिच्यासंगं करायचाय? त्यांनी रामकडं बघितलं. रामचा हात परातीकडं निघाला होता. धिरड्याच्या काठाला बोटं टेकलीही होती.

कस्तुराबाई केळ सोलत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "रामा, तुझा बी उपास हाय ना रे?"

बोटं तिथंच थांबली.

सकाळीच हा पोरगा मोटरसायकल घेऊन पिंगळीला येऊन गेला होता. स्वयंपाकघरात कट्ट्यावर बसून त्यानं दोन ताटल्या मुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला होता, वर मिरची मागून घेतली होती, आणि "काकू, मुरमुरे असे मऊ आमच्याकडं कुणाला जमत न्हाईत" असं म्हणाला होता. वाढलं होतं संघप्रियानं.

"हां," राम म्हणाला. "हाय."

आईनं केळाचा अर्धा तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो खाल्ला. खाताना तो परातीकडं बघत होता, संघप्रियाकडं नाही.

परात पाच जणांची होती, तिघं जेवले. संघप्रिया मान खाली घालून, घास मोठा, सावकाश चावून. जेवण चांगलं होतं. आंबट, तिखट, आपलंच कुठलंतरी लांबचं. चव चांगली लागली म्हणून कुसुमबाईंना स्वतःचाच राग आला.

निघताना राम मोटरसायकल काढायला गेला तेव्हा कस्तुराबाई जवळ आल्या. त्यांनी कुसुमबाईंचा दंड धरला, आणि धरलेला हात सोडला नाही.

"पोरगी चांगली हाय तुमची. पन गावात राहायचंय ओ आमाला."

त्या खोटं बोलत नव्हत्या. कुसुमबाईंना भांडता आलं असतं तर बरं झालं असतं.

ऑटोत सूर्यभान ड्रायव्हरशेजारी बसले. मागं मायलेकी, आणि हिरुतनं उरलेलं बांधून दिलेलं पार्सल. शहर मागं पडलं. मग संघप्रियाचा फोन वाजला. तिनं उचलला, पलीकडचं ऐकलं, "हं... हं... कळतंय रे मला. जेवून घे काहीतरी आता," म्हणाली आणि ठेवला.

"काय म्हनला?"

"रडायला होता."

"बरं."

"घाबरला गं तो आई. बाकी काय न्हाई."

कुसुमबाईंनी लेकीकडं बघितलं. हे वाक्य तिला पाठ होणार होतं. सणावाराला, बारशाला, सासूच्या दुखण्यात, पोराबाळांदेखत, घाबरला गं तो.

"संघू, मी तुला तिथं न्हाई पाठवनार."

"पाठवायला मी काय पार्सल हाय?" संघप्रिया म्हणाली. मग आवाज उतरवून, "त्यांचं झाल्यावर जेवीन मी. त्यात काय एवढं? भूक तीच असतीय."

कुसुमबाईंच्या तोंडात सतरा उत्तरं आली. आपल्या सासूनं काय भोगलं ते, संघप्रियाच्या आजोबांनी धर्म कशापायी बदलला ते. लेकीला सगळं ठाऊक होतं. तिनं शाळेत त्याच्यावर भाषणं केली होती, बक्षिसं घेतली होती.

"आई, बोल की काहीतरी."

ऑटो फाटकापाशी थांबला. मालगाडी जायची होती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि सगळं एकदम शांत झालं.

"बोल की गं."

"तुला जायचंच हाय ना?"

संघप्रियानं नुसती आईच्या खांद्यावर मान टाकली, लहानपणी ताप आला की टाकायची तशी. कुसुमबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता. असता तर काय करायचं ते त्यांना माहीत होतं.

पुढून सूर्यभाननी मागं न वळता विचारलं, "घरी जाऊन भाकरी टाकायची, का हेच खायचं रात्री?"

मालगाडी सुरू झाली होती. मायलेकींनी ऐकू आलं नाही असं दाखवलं, आणि सूर्यभाननी विचारलंच नाही असं.