मावशींनी जिंकलेले अकरा डाव

बुद्धिबळातल्या एका जगज्जेत्याचे फारसे कुणाला ठाऊक नसलेले डाव पुस्तकात आणायचं त्याच्या भाचीनं मनावर घेतलं. त्याच्या जुन्या वह्या चाळताना तिला 'वॉर्डातल्या मावशींबरोबर' असं वर लिहिलेले अकरा डाव सापडले. अकराही डावांत मामा हरला होता.

"मामा, हे काय?"

"विसाव्या वर्षी पाय मोडून इस्पितळात पडलो होतो. तिथं फरशी पुसणाऱ्या मावशी दुपारी माझ्याशी खेळायच्या. मी शिष्टपणानं बसलो आणि पहिल्याच दिवशी तोंडावर आपटलो."

"मग हे वगळू या?"

"वेडी की काय! वजीर गेल्यावरही कसं झुंजायचं, ते त्यांनीच शिकवलं. हेच आधी छाप."

भाचीनं पत्ता काढून मावशींना गाठलं. आता पार थकलेल्या मावशी हसल्या. "अगं, हरल्यावर तुझा मामा दर वेळी पट पुन्हा मांडायचा आणि विचारायचा, 'माझं कुठं चुकलं?' असं विचारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याला म्हणावं, ये एकदा."

मामा दुसऱ्याच दिवशी गेला. बारावा डाव बरोबरीत सुटला. जगज्जेतेपद मिळालं तेव्हाही तो एवढा खूश नव्हता.