उशाकडची बाजू

मिस्त्रींनी बोटाच्या पेराने डबल बासच्या पाठीवर टकटक केलं, कान जवळ नेला आणि खडूने आणखी एक गोल काढला. जिथे आवाज बद्द यायचा, तिथे वरचा लाकडी पापुद्रा आतल्या लाकडापासून सुटलेला होता. सगळे गोल एकाच बाजूला, खालच्या कडेला दाटले होते.

वहिनी दाराशीच उभ्या होत्या. त्यांचा नवरा मिस्त्रींचं जुनं गिऱ्हाईक, आणि त्याहून जुना दोस्त. हिवाळा संपता संपता तो गेला. आता त्याचा हा डबल बास, व्हायोलिनसारखाच पण माणसापेक्षा उंच, टेम्पोत आडवा घालून वहिनींनी आणला होता. टेम्पोवाल्याने, "बाई, कपाटाला गळा कशाला?" असं विचारलं, तेव्हा कित्येक दिवसांनी त्यांना हसू आलं होतं.

"जगेल का?" त्यांनी विचारलं.

"लाकूड आहे वहिनी, माणूस नाही. जगेल." बोलून गेल्यावर मिस्त्रींनी जीभ चावली.

वहिनींनी मनावर घेतलं नाही. त्या स्टूल ओढून बसल्या.

"माझ्यामुळेच झालं हे. डॉक्टर म्हणाले, छाती कोरडी पडू देऊ नका, वाफेचं मशीन रात्रभर चालू ठेवा. आणि ही माझी सवत ह्यांच्या उशाशी! दुसऱ्या खोलीत ठेवते म्हटलं की जेवण बंद. मग म्हणायचे, बंद कर ते मशीन, सरस सुटतोय. मी म्हटलं, सुटू दे. लाकूड परत चिकटवता येतं."

"ऐकलं त्याने?"

"कधी नव्हे ते ऐकलं. परत विषय काढला नाही. उलट म्हणाले, माझ्या खोकल्याने तुझी झोप मोडते, तू बाहेर झोप, मशीन मी बघतो." वहिनींनी पदराने बासवरचा खडू पुसायला घेतला आणि मग लक्षात येऊन हात मागे घेतला. "बास खराब झाला तर झाला, मिस्त्री. वाफ कमी पडू दिली नाही, एवढं एकच समाधान आहे मला."

त्या गेल्यावर मिस्त्रींनी बास पालथा करून गादीवर आडवा ठेवला. पुढचे काही दिवस भेगा साफ करण्यात गेले. मग जुना सरस सोडवायची वेळ आली. त्याला वाफच लागते. त्यांनी शेगडीवर किटली चढवली, तोटीला रबरी नळी लावली आणि तिचं टोक सुटलेल्या कडेशी टेकवून ठेवलं. तेवढ्यात चहा करून घ्यावा म्हणून ते आत गेले. कप घेऊन बाहेर येतात तो पापुद्रा चांगला वीतभर उचलला गेला होता.

नळी बाजूला करून ते तसेच उभे राहिले. अख्ख्या हिवाळ्यात उशाकडची कड सुटली होती ती चार बोटं. मशीन खरोखर रात्र रात्र चाललं असतं तर हिवाळा अर्धा सरायच्या आत ही पाठ सालीसारखी निघून आली असती. वहिनी जाग्या असायच्या तेवढंच ते चालत असणार. त्या बाहेर जाऊन आडव्या झाल्या की तो हात लांब करून बटण बंद करत असणार, आणि मग कोरडी छाती घेऊन पडून राहत असणार.

"गाढवा," मिस्त्री बासला म्हणाले, आणि त्यांना रडू आलं.

वहिनींना सांगायचं नाही, हे त्यांनी तिथेच ठरवलं. झाकली मूठ झाकलेलीच बरी. डोळे पुसून ते वळले, तर वहिनी बासची खोळ धुऊन, घडी करून घेऊन आल्या होत्या.

"अगंबाई, केवढं सुटलं! कधीपासून वाफ देताय?"

"आत्ताच तर लावली," मिस्त्री बोलून गेले.

वहिनी जवळ आल्या. त्यांनी उचललेला पापुद्रा पाहिला, मग किटलीकडे पाहिलं.

"आमची किटली फार कडक," मिस्त्री घाईघाईने म्हणाले. "तुमच्या मशीनची वाफ कोमट. तिने एवढंच सुटायचं."

वहिनींनी खोळ खाली ठेवली आणि बाही वर सारली. मनगटावर भाजल्याचा लांबट, गुळगुळीत डाग होता.

"पाणी भरताना भाजलं होतं," त्या म्हणाल्या. "त्याच मशीनवर."

मिस्त्री कानशिलावरची पेन्सिल काढून टेबलावर शोधाशोध करू लागले. वहिनींनी बासच्या पाठीवर, जिथे खडूचा एकही गोल नव्हता तिथे, हात ठेवला आणि तो सावकाश खांद्यापासून कमरेपर्यंत आणला.

"हे सगळं सुटायला हवं होतं ना?"

मिस्त्रींनी मान डोलावली. खोटं बोलायला आता त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

"म्हणजे एवढं ह्यांनी वाचवलं."

मग मिस्त्रींनी सरस गरम केला आणि पापुद्र्याखाली भरला. पापुद्रा खाली बसवायच्या आत वहिनींनीच दोन्ही तळहातांनी तो दाबून धरला. मिस्त्रींनी आवळून धरायचा क्लॅम्प आणून पुढे केला, तरी त्यांनी हात काढले नाहीत.