गौरम्मा आज्जींचा अडलेला नाश्ता

मित्रांनो, मी चाकाची जुनी खुर्ची हाय. लातूर-निलंगा रोडवरच्या एका वृद्धाश्रमात राहते. कारखान्यातून आले तवा लई चकचकीत होते. दान द्यायच्या दिवशी मला धरून अर्ध्या गावानं फोटो काढला. "काय झकास खुर्ची हाय!" म्हणले. बसलं मात्र कुणीच न्हाई.

मग कामाला लागले. माझ्यावर माणसं कमी बसली. भाजीच्या पिशव्या, पाण्याचे जार आन् ओल्या कपड्यांचे ढीगच जास्त बसले. तरी माझी तक्रार न्हाई. कारण मला ढकलणारी रेणुका माझ्याहून जास्त ओझं ओढती, आन् वरून गाणं म्हणती. हिथलं काम कसं असतंय, ते एका सकाळच्या गोष्टीवरून सांगते.

उदगीरच्या गौरम्मा आज्जींचा नेम कडक. आंघोळ, मग गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा, मग शुगरचं इंजेक्शन, मग नाश्ता. पूजेबिगर पाण्याचा थेंब न्हाई.

त्या दिवशी रेणुकानं आज्जीला न्हाऊ घातलं, टावेलानं पुसलं, साडी नेसवली. इतक्यात किशनराव आजोबा संडासातून ओरडले, "कडी निघंना! कंडक्टर अडकलाय, डबल बेल मारा!" रिटायर झाले, पण एसटी काय सुटली न्हाई त्यांची. रेणुकानं टावेल माझ्यावर टाकला आन् पळाली.

तेवढ्यात तिच्यासंगं काम करणारा श्रीशैल इंजेक्शन घेऊन आला. हिथं सगळे आज्जीच्या कपाळाकडं बघायचे. भस्म दिसलं की पूजा झाली, असा हिशेब. आज्जीनं भस्म नुकतंच लावलं होतं, पूजा व्हायचीच होती. श्रीशैलनं बघितलं कपाळ आन् आज्जी "थांब" म्हणायच्या आत टोचली सुई!

मग आज्जीनं पूजेसाठी गळ्याला हात लावला. गळा मोकळा! चांदीच्या डबीतलं लिंग दोऱ्यासकट गायब.

रेणुका परत आली आन् साखरेचा डबाच घेऊन धावली. इंजेक्शन आत, पोट रिकामं. शुगर खाली आली तर माणूस हातचं जातंय.

"आज्जी, चिमूटभर साखर तरी चाटा."

"बेडा! नको म्हणजे नको."

"देवाला चालतंय ओ," श्रीशैल म्हणला. "मी बी लिंगायतच, तुमचा-माझा देव एकच हाय की."

"तुझ्याकडं येऊन तुझ्यावानीच आळशी झाला असंल तो!"

मग जी शोधाशोध झाली! श्रीशैल खाटेखाली शिरला आन् तिथंच अडकला. गाद्या उलट्या केल्या, चादरी काढून माझ्यावर फेकल्या. सुटून आलेले किशनराव दारात आडवे हात करून उभे. "तपासणी हाय! कुणी उतरू नका!" शेजारच्या खाटेवरल्या विठाबाईंची हरवलेली कवळी गादीखाली घावली. ती बसवून त्यांनी पहिल्या झूट सगळ्यांना शिव्या दिल्या. लिंग काही घावंना.

मित्रांनो, मला ठावं होतं. पुसताना जीर्ण दोरा तुटला आन् डबी टावेलातच गुरफटली. पण खुर्चीला तोंड कुठं?

आज्जीला घाम फुटला. डोळे जड झाले.

"मारा मला, पण मी दवाखान्यात न्यायलेय तुम्हाला," रेणुका म्हणली. मला रिकामं करायला तिनं ढीग ओढला. ओल्या टावेलात काहीतरी टणक लागलं.

"आज्जी! घावलं!"

पण आज्जीचा तळहात इतका कापत होता, की लिंग त्यावर ठरंना. रेणुकानं खालून आपला तळहात लावला. तिच्या घरी भिंतीवर बुद्ध. ही पूजा तिला ठावी न्हाई. पण हात जराबी हालला न्हाई. आज्जीनं बेलाचं पान वाह्यलं, डोळे मिटले, उघडले. मग साखरेचं दूध घोटाघोटानं संपवलं.

घाम वाळला. नाश्त्याला चुरमुऱ्याचा सुशीला आला. पहिला घास आज्जीनं रेणुकाच्या तोंडापुढं धरला.

"तुमचं होऊ द्या आधी, आज्जी."

"गप! माझा नेम मोडाय निघालतीस न्हवं? आता तुझा मोडते. सगळे खाल्ल्यावरच खायचा नेम!"

रेणुका खाता खाता रडली. खाटेखालून आवाज आला, "झालं असंल तर मला बी काढा की!"

नंतर डॉक्टर आले. शुगर बघून ठीक हाय म्हणले.

मित्रांनो, मी लई नशीबवान. मला असे हात मिळाले. तुम्ही कधी आज्जी-आजोबांना भेटायला असल्या ठिकाणी आलात, तर फळं वाटा, फोटो काढा. पण हिथं काम करणाऱ्यांना एवढं इचारा, "तुम्ही खाल्लं का?" ते हसतील, "आता खातो की," म्हणतील. इश्वास ठेवू नका. आधी बसवा त्यांना. बसायला मी हायच.