टाळी वाजवायची नाही

"मी व्हायोलाचा गज मांडीवर ठेवल्याशिवाय टाळी वाजवायची नाही," पडद्याआड जाता जाता बायकोने प्लंबर नवऱ्याला पुन्हा बजावलं.

"अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"बाळ परवडलं. त्याच्या टाळीने सभागृह दणाणत नाही."

पाइप आवळून आवळून प्लंबरचे पंजे फावड्याएवढे झाले होते. गेल्या खेपेला एकाच रचनेच्या दोन भागांमधल्या शांततेत त्याने एकट्यानेच टाळ्या पिटल्या होत्या आणि बायकोने घरी येईपर्यंत तोंडातून ब्र काढला नव्हता. आज तसं होऊन चालणार नव्हतं. सांधेदुखीने तिची बोटं आखडत चालली होती. आजच्या कार्यक्रमानंतर व्हायोला, व्हायोलिनचा तो थोरला भाऊ, कायमचा पेटीत ठेवायचा, असं तिनेच ठरवलं होतं.

कार्यक्रम ऑस्ट्रिया-हंगेरीकडच्या जुन्या संगीताचा. वाजवणाऱ्या चौघी जणी. हंगेरीचा नाच सुरू झाला तसा प्लंबरचा पाय ठेका धरू लागला. पायाबद्दल काही ठरलं नव्हतं.

शेवटची रचना कुणा खट्याळ ऑस्ट्रियन माणसाची होती. ती थांबली, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि वादन पुन्हा सुरू झालं. हशा पिकला. पुन्हा थांबलं, पुन्हा टाळ्या, पुन्हा सुरू. लबाडाने रचनाच तशी केली होती. प्लंबर मात्र बायकोच्या गजावर नजर रोवून बसला होता आणि गज काही खाली येत नव्हता. जन्मात पहिल्यांदा सगळे फसले होते आणि तो शहाणा ठरला होता. त्याला आतून गुदगुल्या होत होत्या.

वादन परत थांबलं. आता दुधाने तोंड पोळलेले लोक ताकही फुंकून पीत होते, कुणी हात हलवेना. बायकोने गज अलगद मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं.

त्याचे हात उचलेनात. टाळी वाजली की संपलं. रोज संध्याकाळी तो कामावरून आला की आतल्या खोलीतून सूर यायचे आणि "करवत चालू झाली का?" म्हणून तो चिडवायचा. ते सगळंच संपणार होतं. बसू द्या लोकांना असंच ताटकळत, असं त्याला वाटलं.

"अहो, वाजवा की," तिचे ओठ हलले.

त्याने टाळी वाजवली. मागोमाग अख्खं सभागृह उठलं. हळूहळू टाळ्या ओसरल्या, लोक कोट चढवून निघाले, तरी तो वाजवतच होता. शेवटी तिनेच खाली येऊन त्याचे दोन्ही हात धरले, तेव्हा कुठे तो थांबला.